जहांआराची जागा

सुहासिनीने लक्रॉस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला ते पित्तावरच्या एखाद्या गोळीचं नाव वाटलं. दोन हजार आठचा एप्रिल होता. ईशानी शाळेच्या बसमधून उतरून धावतच जिना चढली आणि दप्तरही न उतरवता ओरडली, "मम्मा, आय गॉट सिलेक्टेड!"

शाळांच्या स्पर्धेत तिची चारशे मीटरची शर्यत एका अमेरिकन कोचने पाहिली होती आणि तिला ट्रायलला बोलावलं होतं. चौदा वर्षांची, बापाच्या खांद्याला लागलेली काटकुळी पोर. एरवी चालताना दारा-खुर्च्यांना धडकायची, पण पळायला लागली की बघत राहावं.

राजन, तिचा बाप, अबू धाबीत एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होता, मालाचा आणि खर्चाचा हिशेब मांडणारा. त्याने संध्याकाळी कंप्युटरवर या खेळाचा व्हिडिओ लावला. मुली लांब काठ्या घेऊन पळत होत्या, काठीच्या टोकाला जाळीची छोटी पिशवी, तिच्यात चेंडू झेलायचा आणि पळत पळत समोरच्यांच्या गोलमध्ये फेकायचा.

"म्हणजे फुलपाखरं पकडायची जाळी घेऊन मारामारी करायची," राजन म्हणाला. "आणि याचे वर्षाला वीस हजार दिरहम? सव्वादोन लाख रुपये झाले, सुहास. प्रवास वेगळा."

"हॉकी-क्रिकेट खेळणारी पोरं भारतात लाखांनी आहेत," सुहासिनी म्हणाली. "हा खेळ कोणी खेळत नाही, हीच तर गोष्ट आहे."

हे तिचं वाक्य नव्हतं, कोचचं होतं. दुबईतल्या एका हॉटेलात पालकांची सभा झाली होती, तिथे तो गोरापान, उन्हाने नाक सोललेला माणूस हसत हसत म्हणाला होता की चार वर्षांनी तुमच्या मुली अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळत असतील आणि फी कॉलेज भरेल. टीमचं नाव 'शमाल एलीट'. दोहा, मस्कत, बहारीन, मग अमेरिका. सुहासिनी पुण्यात बी.एस्सी.ला पहिली आली होती आणि लग्नानंतर गेली पंधरा वर्षं घरीच होती. त्या सभेत तिने वहीत सगळं लिहून घेतलं. घरी परतताना गाडीत तिला ईशानी कुठल्यातरी हिरव्या मैदानावर, लाल विटांच्या इमारतीसमोर दिसत होती.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस अबू धाबीच्या कडेची मोहम्मद बिन झायद सिटी, जिथे ते राहायचे, ते दुबई. दुपारी साडेतीनला निघायचं, सव्वा तास गाडी हाकायची, उन्हं उतरली की सराव, परत यायला साडेनऊ. शुक्रवारी सकाळी सामने. गाडीतच ईशानीचा अभ्यास, गाडीतच पोळीचा रोल. सुहासिनीने आयुष्यात चालवली नव्हती तेवढी गाडी त्या एका वर्षात चालवली.

आणि ईशानी बसून राहायची.

मैदानात बारा मुली खेळतात. कोचने घेतल्या होत्या बावीस. उरलेल्या दहा जणी तोच गणवेश घालून, तेच पैसे भरून, तोच प्रवास करून बाकावर बसायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. मस्कतला तीन सामन्यांत ईशानी मिळून सहा मिनिटं खेळली. बहारीनमध्ये चार. पालकांसाठी नियम होता, सामना संपल्यावर चोवीस तास कोचशी बोलायचं नाही. चोवीस तासांनंतर मेल पाठवली तर उत्तर यायचं की प्रत्येक खेळाडूचा प्रवास वेगळा असतो, धीर धरा. कडेच्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या आया एकमेकींना आइसबॉक्समधला ज्यूस द्यायच्या आणि दुसरीची मुलगी मैदानात उतरली की घड्याळ बघायच्या. फक्त वीणा निवांत असायची. ती केरळची, बँकेत नोकरीला, आणि टीमची मॅनेजर. तिकिटं, व्हिसा, पाण्याच्या बाटल्या सगळं तिच्याकडे. तिची मुलगी गोलकीपर होती, आणि ती जागा दुसरी कोणी मागत नव्हती.

ईशानीची अडचण अशी की ती ज्या जागेवर खेळायची तिथे जहांआरा होती. सामना सुरू होताना मधोमध दोघीजणी काठीला काठी लावून उभ्या राहतात, मध्ये चेंडू अडकवलेला असतो, शिट्टी झाली की हिसका देऊन तो आपल्याकडे उडवायचा. त्याला ड्रॉ म्हणतात. जहांआरा ड्रॉ हरलेली कोणी पाहिली नव्हती. बुटकी, रुंद मनगटाची, शांत मुलगी. ती थकली तरच ईशानीला उतरवायचे, आणि ती थकत नव्हती.

गंमत म्हणजे तीच जहांआरा सुहासिनीच्या गाडीतून यायची. तिची आई हमीदा श्रीवर्धनची, नवरा जवळच्याच मुसाफा या कारखान्यांच्या वस्तीत एका स्टील फॅब्रिकेशनच्या कंपनीत इंजिनियर. दोन गल्ल्या सोडून राहायचे. हमीदाला गाडी येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात मैदानाच्या कडेला सुहासिनी फोनवर आईशी बोलत होती, ते ऐकून हमीदा उठून जवळ आली आणि म्हणाली, "अगो बाई, तुम्ही मराठी?" त्या दिवसापासून चौघी एकाच गाडीत. मागे दोन पोरी इंग्रजीत खुसखुसायच्या, पुढे दोघी आया. हमीदा येताना डब्यात तांदळाची घावनं आणायची, सुहासिनीसाठी वेगळी, बिनअंड्याची. सुहासिनी तिला हमीदाभाभी म्हणायची, ती हिला ताई. या देशात येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि मन मोकळं करावं अशी बाई सुहासिनीला पहिल्यांदा भेटली होती.

दिवाळी झाली आणि मैदानाबाहेरच्या गाड्या कमी व्हायला लागल्या. जगात काहीतरी कोसळलं होतं, टीव्हीवर रोज चालू होतं, पण खरं कळलं ते क्रेनवरून. घरापासून दुबईपर्यंत ज्या क्रेन दिवसरात्र फिरत असत त्या एकेक करून थांबल्या. राजनच्या कंपनीत अर्धे लोक बिनपगारी रजेवर गेले. "माझं काही नाही होणार, इन्शाल्ला," तो म्हणायचा, आणि जेवताना मधेच थांबून भिंतीकडे बघायचा.

टीममधल्या मुली जायला लागल्या. कोणी केक कापून गेली, कोणी न सांगता. कोणाचा बाप बँकेतला, कोणाचा जमिनीच्या धंद्यातला. नोव्हेंबरात बावीसच्या एकोणीस झाल्या, जानेवारीत सतरा. ईशानी आता सामन्यात दहा दहा मिनिटं खेळू लागली, दुसऱ्याच कुठल्यातरी जागेवर, पण खेळू लागली. आपण काय करतोय ते सुहासिनीला कळायला थोडे दिवस लागले. कोणाचं घर आवरायला निघालं अशी बातमी आली की तोंडाने ती "अरेरे" म्हणायची, आणि मनात त्या घरातली मुलगी कुठल्या जागेवर खेळते ते आठवायची. एकदा दात घासताना हे तिच्या ध्यानात आलं, आणि आरशात बघवेना. पण पुढच्या बातमीला पुन्हा तेच झालं.

जानेवारीत कोचने जाहीर केलं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लोरिडा. मोठी स्पर्धा, कडेला कॉलेजांचे कोच वह्या घेऊन बसलेले. सगळी मेहनत ज्यासाठी होती ते हेच. मुलींचे अमेरिकेचे व्हिसा झाले. राजनने बायकोच्या आणि मुलीच्या तिकिटांचे पैसे क्लबकडे भरले आणि त्या महिन्यात घरी पैसे पाठवले नाहीत.

आणि त्यानंतरच्याच मंगळवारी, परतताना, मागे दोन्ही पोरी कानात वायरी घालून झोपलेल्या असताना, हमीदा हळू आवाजात म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांना नोटीस दिली."

सुहासिनीचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला.

"फेब्रुवारीच्या पंधरापर्यंत काम. मग व्हिसा कॅन्सल, पुढे तीस दिवस. पण फ्लोरिडा त्या तीस दिवसांतच बसतं, मी कॅलेंडर बघितलं. जहांआरा टीमबरोबर जाईल आणि तिकडून परस्पर मुंबईला उतरेल, माझा भाऊ घ्यायला येईल." ती थांबली. "श्रीवर्धनात हा खेळ कोण खेळणार? तिकडे कोणी बघितलं तिला, तर काहीतरी होईल. हा एकच चान्स आहे पोरीचा. कोणाला बोलू नका. कोचला कळलं तर उगाच लफडं नको म्हणून गाळेल. तुमच्याशिवाय कोणाला बोलले नाही."

"मी कशाला बोलू, भाभी?" सुहासिनी म्हणाली. आणि त्या क्षणी तिच्या मनात खरोखर काही नव्हतं.

चार दिवसांनी सकाळी वीणाचा फोन आला. सगळ्या मुलींच्या पासपोर्टच्या आणि इथल्या रेसिडेन्स व्हिसाच्या प्रती हव्या होत्या. "सुहासिनी, हमीदा फोन उचलत नाही. जहांआराच्या कॉपीज तू आणशील का?" असं तिने हिंदीत विचारलं.

आणते, एवढंच म्हणायचं होतं. सुहासिनी भाजी निवडत होती. खिडकीबाहेर दोरीवर वाळत घातलेला ईशानीचा गणवेश दिसत होता, पाठीवर सतरा नंबर. ती म्हणाली, "आणते. पण त्यांचं जरा... तू त्यांना नीट विचारून घे."

"का? काय झालं?"

"नाही, तसं काही नाही. तिच्या नवऱ्याच्या नोकरीचं काहीतरी चाललंय. व्हिसा तोपर्यंत राहील की नाही... मला नक्की माहीत नाही हं. तिकीट काढून बसायची टीम आणि ऐन वेळी घोटाळा व्हायचा, म्हणून म्हटलं."

"ओह," वीणा म्हणाली. "बरं केलंस सांगितलंस."

फोन ठेवल्यावर सुहासिनीने उरलेली मेथी निवडली. आपण टीमच्या भल्याचं बोललो, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा तिने रेडिओ लावला.

गुरुवारी कोचची मेल आली. सोळा मुलींची यादी, तिच्यात जहांआरा नव्हती. रेसिडेन्सी अनिश्चित असलेल्या खेळाडूंना क्लब परदेशी नेऊ शकत नाही, असं एक वाक्य, दौऱ्यापर्यंत तिने सरावाला यायला हरकत नाही, असं दुसरं. आणि खाली, ड्रॉसाठी ईशानी.

ईशानी नाचली नाही. "व्हॉट अबाउट जहांआरा?" तिने विचारलं.

"त्यांचं काहीतरी व्हिसाचं आहे."

शनिवारी हमीदा नेहमीच्या वेळी खाली उभी होती, मुलगीही बॅग आणि काठी घेऊन तयार. गाडीत बसल्यावर सुहासिनीने कसंबसं म्हटलं, "भाभी, फार वाईट झालं. कसं कळलं त्यांना?"

"कळतं हो," हमीदा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "तुम्ही गाडी चालवा."

ती रडली असती, चिडली असती तर सुहासिनीला सोपं गेलं असतं. ती फक्त गप्प झाली. घावनांचा डबा यायचा बंद झाला, पण सामान बांधताना कुठला डबा आणि कुठलं काय, असं सुहासिनीने मनाला समजावलं.

मग जहांआरा रोज दुपारी यायला लागली. व्हिलांच्या मागे रिकामा वाळूचा प्लॉट होता, तिथे ती ईशानीला ड्रॉ शिकवायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसायचं. दोघी समोरासमोर वाकायच्या, काठीला काठी, आणि जहांआरा ईशानीचं मनगट धरून वळवून दाखवायची. असं नाही, असं. पुन्हा. पंधरा दिवस, एकही दिवस न चुकता. एकदा सुहासिनी त्यांना सरबत घेऊन गेली तेव्हा जहांआरा म्हणाली, "आंटी, शी विल बी ग्रेट." सुहासिनी ट्रे वाळूतच ठेवून परत आली.

ओर्लँडोच्या मैदानांवर हिरवळ सुहासिनीने कल्पना केली होती तशीच होती. कडेला कॉलेजांचे कोच होते, वह्याही होत्या. फक्त पहिल्या सामन्याच्या सकाळी वॉर्मअपला एक अनोळखी मुलगी आली. सोनेरी वेणी, शमाल एलीटचा कोरा गणवेश. कोचने ओळख करून दिली, ही त्याच्या गावची, या स्पर्धेपुरती पाहुणी खेळाडू. ती ड्रॉ घेईल.

"पण ड्रॉ ईशानी घेणार होती," सुहासिनी वीणाला म्हणाली.

"मला काही माहीत नव्हतं, देवाशप्पथ," वीणा म्हणाली. "नियमात बसतं म्हणतो."

चार सामने झाले. ईशानी एकूण अकरा मिनिटं खेळली. एकदाच, शेवटच्या सामन्यात, शेवटची चार मिनिटं उरली असताना, सात गोलांनी मागे असताना, तिला ड्रॉ मिळाला. शिट्टी झाली, तिचं मनगट जहांआराने शिकवलं होतं तसं वळलं आणि चेंडू वर उडून तिच्याच जाळीत पडला. सुहासिनी ओरडत उभी राहिली. मग तिने कडेला पाहिलं. कॉलेजांचे कोच खुर्च्या मिटून दुसऱ्या मैदानाकडे चालले होते.

सामना संपल्यावर ती सरळ कोचकडे गेली. इंग्रजी जुळवत तिने विचारलं, माझ्या मुलीला इतक्या लांब कशाला आणलंत? त्याने टोपी काढली, अगदी सभ्यपणे हसला आणि म्हणाला, "मॅम. ट्वेंटी-फोर आवर्स." पलीकडच्या दोन आयांनी माना वळवल्या. चोवीस तासांनी सगळ्या परतीच्या विमानात होत्या.

अबू धाबीच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी सगळ्या दमून उभ्या होत्या. वीणा पासपोर्ट परत वाटत होती. सुहासिनीचे दोन तिच्या हातात देताना ती बोलून गेली, "एक तरी बरं झालं. जहांआराचं तू वेळेवर सांगितलंस म्हणून तिकीट वाया नाही गेलं, नाहीतर क्लबला भुर्दंड होता."

ईशानी दोन हात अंतरावरच उभी होती. पट्टा फिरत होता. तिची काठ्यांची लांब बॅग समोरून गेली, तिने उचलली नाही.

"यू टोल्ड देम?"

"ईशू, घरी जाऊन बोलू."

"शी टॉट मी द ड्रॉ, मम्मा. एव्हरी डे. अँड यू वॉच्ड."

राजन बाहेर फुगा घेऊन उभा होता. त्याने विचारलं, कसं झालं? ईशानी त्याला ओलांडून सरळ गाडीकडे गेली. तो फुगा मागच्या सीटवर घरापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी सुहासिनी हमीदाच्या घरी गेली. काय बोलणार होती ते तिला माहीत नव्हतं. दाराला कुलूप होतं. खालच्या पठाण वॉचमनने सांगितलं, चार दिवस झाले, गेले सगळे, खलास.

ईशानी पुन्हा मैदानावर गेली नाही. सुहासिनीने समजावलं, रागावली, रडली. राजनने एकदाच विचारलं, "तू खरंच सांगितलंस?" आणि ती हो म्हणाल्यावर तो उठून गॅलरीत गेला. जूनमध्ये कोच दुसऱ्या देशात निघून गेला आणि शमाल एलीटची शेवटची मेल आली की पुढचा मोसम लांबणीवर टाकला आहे. सप्टेंबरात राजनची नोकरी गेली. तीस दिवसांतले सव्वीस संपले तेव्हा त्याला शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये निम्म्या पगारावर काम मिळालं. व्हिला सुटला. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत एका खोलीच्या फ्लॅटमध्ये ते राहायला आले. ईशानी सुहासिनीशी बोलायची, अगदीच बोलायची नाही असं नाही. जेवण वाढू का, हो. फी भरायची तारीख, वीस. तेवढंच. वयाचा दोष आहे, असं राजन म्हणायचा, आणि तसं त्यालाही वाटत नव्हतं.

दोन हजार दहाच्या जानेवारीत मुसाफाच्या एका किराणावाल्याकडून सुहासिनीला श्रीवर्धनचा नंबर मिळाला. दोन आठवडे तो पर्समध्ये होता. मग एका दुपारी, घरात कोणी नाही असं समजून, तिने लावला.

"हमीदाभाभी, मी सुहासिनी."

"ताई!" आवाज तसाच होता, मोकळा. "बऱ्या आहात ना? नोकरी आहे ना भावजींची?"

त्या विचारपुशीनेच सुहासिनीचा धीर सुटला. पाठ केलेलं सगळं विसरून ती म्हणाली, "भाभी, वीणाला मी सांगितलं होतं. तुमच्या व्हिसाचं. मी."

पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता.

"मला ठाऊक आहे," हमीदा म्हणाली. "यादी आली त्याच दिवशी वीणाने सांगितलं. सुहासिनीनेच वेळेवर सांगितलं, म्हणाली. तिला काय माहीत."

"मग तुम्ही... तरी गाडीत बसायचात? जहांआराला रोज पाठवायचात?"

"ती तिच्या मैत्रिणीकडे जात होती. मी कशाला अडवू? आणि मैत्रिणींचा निरोप घ्यायला तिला मैदानावर न्यायचं तर दुसरी गाडी कुठून आणणार होते?" हमीदाने श्वास घेतला. "खरं सांगू? तुमच्या शेजारी बसून मी रोज एकच विचार करायचे. मी तुमच्या जागी असते, तर बोलले असते का? पोरीसाठी आई काय काय करते. पुष्कळ विचार केला."

भाभीने हो म्हणावं, एवढंच सुहासिनीला हवं होतं.

"नसते बोलले, ताई."

आवाजात राग नव्हता. मग ती म्हणाली, "जहांआराला सांगितलं नाही मी. ती अजून ईशानीचं नाव घेते. पोरींमध्ये हे येऊ देऊ नका. तेवढं करा."

"हो," सुहासिनी म्हणाली. दुसरं काय सांगणार होती? फोन बंद झाला तरी तिने तो कानाशीच धरून ठेवला होता.

मागे हालचाल झाली. ईशानी दाराशी उभी होती, शाळेचे बूट हातात. कधी आली कोण जाणे. कितीतरी महिन्यांनी ती आईच्या तोंडाकडे सरळ बघत होती.

"वॉज दॅट हमीदा आंटी?"

सुहासिनीने मान हलवली.

"हाऊ इज जहांआरा? व्हॉट इज शी डूइंग?"

सुहासिनीने तोंड उघडलं. कुठल्या शाळेत आहे, कशी आहे, खेळते का काही. एवढ्या बोलण्यात तिने जहांआराची चौकशीच केली नव्हती.

ईशानी बूट जागेवर ठेवून आत निघून गेली.